इंग्रजीतला ‘उद्या’ किती पक्का?



म्हसळ्याहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या पतीची कतारमधल्या एका कंपनीसाठी मुलाखत झाली आणि आठवड्याभरात कंपनीचा ई-मेल आला. घरात इंग्रजी माध्यमात शिकणारा नववीतला मुलगा आहे. त्याने वाचून अब्बांना अर्थ सांगितला : मार्चपर्यंत तुम्ही आमच्याकडे असाल, राहण्याची सोय कंपनी करील, व्हिसा लवकरच तयार होईल. घरात आनंदीआनंद झाला. पती सध्या पनवेलला एका वर्कशॉपमध्ये कामाला आहेत. तिथला राजीनामा लिहून तयार आहे, फक्त द्यायचा बाकी आहे. भगिनी विचारतात, मुलाने लावलेला अर्थ बरोबर आहे ना?

त्यांनी मूळ ई-मेलही पत्रात उतरवून पाठवला, हे फार बरे केले. त्यातली तीन वाक्ये अशी आहेत. पहिले : ‘वुइ होप टु हॅव यू विथ अस बाय मार्च.’ दुसरे : ‘अकोमोडेशन मे बी प्रोव्हायडेड.’ तिसरे : ‘युअर व्हिसा शुड बी रेडी शॉर्टली.’

मुलाला एकही शब्द अडलेला नाही. पण ‘होप’, ‘मे’ आणि ‘शुड’ हे तिन्ही शब्द त्याने एकाच साच्यात ओतले : असाल, करील, होईल. पूर्ण ई-मेलमध्ये ‘विल’ हा शब्द एकदाही आलेला नाही. कंपनीने कसलेच वचन दिलेले नाही आणि घरात तीन वचने मिळाल्याचा आनंद आहे. राजीनाम्याचे काय करायचे ते पुढे सांगतो. आधी या लहान शब्दांची ओळख करून घेऊ, कारण हा प्रश्न एका घरापुरता नाही. रत्नागिरी-रायगडातून आखातात जाणाऱ्यांना असे कागद रोज येतात.

शाळेत आपल्याला शिकवतात की ‘विल’ किंवा ‘शॅल’ लावले की भविष्यकाळ झाला. परीक्षेपुरते ते ठीक आहे. मराठीत भविष्यकाळ क्रियापदाच्या पोटातच असतो : जाईन, जाशील, जाईल. इंग्रजीत भूतकाळ असा क्रियापदातच बसतो, ‘गो’चे ‘वेन्ट’ होते. पण भविष्यासाठी क्रियापदाला स्वतःचे रूपच नाही. हजार वर्षांपूर्वीचे इंग्रज उद्याची गोष्टसुद्धा वर्तमानकाळातच बोलत. पुढे दोन शब्द उसने घेऊन त्यांनी काम भागवले. ‘विल’चा मूळ अर्थ इच्छा असणे. मृत्युपत्राला ‘विल’ म्हणतात ते त्याच अर्थाने, मरणाऱ्याची इच्छा. ‘शॅल’चा मूळ अर्थ देणे असणे, कर्ज असणे, बांधील असणे. म्हणजे इंग्रजीत भविष्य सांगायचे ते एक तर इच्छेच्या शब्दाने, नाही तर कर्जाच्या शब्दाने. तो जुना वास अजून पूर्ण गेलेला नाही.

‘शॅल’ आणि ‘विल’ कुठे वापरावे याचा पहिला ठळक नियम जॉन वॉलिस यांनी १६५३ साली आपल्या इंग्रजी व्याकरणात मांडला. ते ऑक्सफर्डचे गणिती. गणितात अनंतासाठी आपण आडवा आठ काढतो, ते चिन्ह त्यांचेच. व्याकरण त्यांनी लिहिले लॅटिनमध्ये, परदेशी लोकांसाठी. नियम असा की स्वतःबद्दल बोलताना ‘आय शॅल’ म्हणजे नुसता अंदाज आणि ‘आय विल’ म्हणजे निर्धार; दुसऱ्याबद्दल बोलताना नेमके उलटे. यावरून शाळामास्तरांचा एक जुना विनोद आहे. एक परदेशी माणूस नदीत पडतो आणि ओरडतो, ‘आय विल ड्राउन! नोबडी शॅल सेव्ह मी!’ त्याला म्हणायचे असते, मी बुडतोय, मला कुणी वाचवणार नाही. काठावरचे इंग्रज व्याकरणाप्रमाणे ऐकतात : मी बुडणारच, खबरदार कुणी वाचवलं तर! मग ते टोप्या काढून त्याच्या इच्छेचा मान राखतात आणि निघून जातात.

बोलण्यातून हा नियम आता जवळजवळ संपला आहे. ‘शॅल वुइ गो?’ म्हणजे ‘निघू या का?’ एवढ्यापुरता ‘शॅल’ उरला. मात्र एका जागी तो पाय रोवून बसला आहे : करारनाम्यात. नोकरीचा करार, घरभाड्याचा करार, कर्जाचा कागद, यात ‘शॅल’ दिसला की ते बंधन समजावे. ‘द एम्प्लॉयर शॅल प्रोव्हाइड अ रिटर्न टिकेट’ म्हणजे परतीचे तिकीट मालकाने द्यायचेच आहे. ‘मे प्रोव्हाइड’ म्हणजे दिले तर दिले, मर्जी मालकाची. कराराच्या कागदावर लाल पेन घेऊन बसावे आणि जिथे ‘शॅल’ आहे तिथे एक खूण, ‘मे’ आहे तिथे दुसरी खूण करावी. बहुतेक वेळा असे दिसते की आपल्या वाट्याला ‘शॅल’ जास्त आले आहेत आणि कंपनीच्या वाट्याला ‘मे’.

आता रोजच्या बोलण्यातले. इथे मराठी आपल्या फार कामी येते. ‘आय विल कम’ आणि ‘आय ॲम गोइंग टु कम’ यात फरक काय, असे विद्यार्थी विचारतात. ‘मी येईन’ आणि ‘मी येणार आहे’ यात जो आहे, तोच. आभाळ काळे झालेले पाहून आपण ‘पाऊस येईल’ म्हणत नाही, ‘पाऊस येणार’ म्हणतो. इंग्रज ‘इट इज गोइंग टु रेन’ म्हणतो. पुरावा डोळ्यांसमोर आहे किंवा बेत आधीच ठरला आहे, तिथे ‘गोइंग टु’. बेल वाजल्यावर जो उठून म्हणतो ‘आय विल गेट इट’, त्याने ते त्याच क्षणी ठरवलेले असते. आणि डॉक्टरांची वेळ घेऊन झाली असेल तर ‘आय ॲम सीइंग द डॉक्टर टुमॉरो’, सरळ वर्तमानकाळ. आपणही ‘उद्या डॉक्टरकडे जातोय’ म्हणतोच. ‘द ट्रेन लीव्हज ॲट सिक्स’ आणि ‘गाडी सहाला सुटते’, दोन्हींचा साचा एकच. आपण तर त्यांच्याही पुढे आहोत. अम्मीने जेवायला हाक मारली की मुलगा मोबाइलमधून डोके न काढता म्हणतो ‘आलोच’. भूतकाळाचे रूप, आणि अजून जागचा हललेलासुद्धा नाही!

‘विल’चा आणखी एक उपयोग शाळेत शिकवत नाहीत. दारावर टकटक होते आणि घरातला इंग्रज म्हणतो, ‘दॅट विल बी द पोस्टमन.’ यात भविष्य कुठेच नाही. मराठीत हे वाक्य जसेच्या तसे आहे : ‘पोस्टमन असेल.’ न पाहता केलेला, पण बऱ्यापैकी खात्रीचा अंदाज.

‘विल’च्या खाली उतरू लागलो की पहिली पायरी ‘शुड’. शब्दकोशात त्याचा अर्थ ‘पाहिजे’ असा मिळतो आणि मुले ‘यू शुड स्टडी’ एवढेच धरून बसतात. पण ‘द पार्सल शुड रीच बाय थर्सडे’ यात पार्सलला कुणी उपदेश करत नाही. ‘गुरुवारपर्यंत यायला हवं’ असे आपण म्हणतो, त्याच भावनेने ते म्हटलेले असते : सगळे नीट चालले तर येईल, आणि नाही आले तर मला धरू नका. वर ज्या व्हिसाबद्दल लिहिले आहे, त्याची स्थिती एवढीच आहे.

त्याखाली ‘मे’, आणि त्याला चिकटून ‘माइट’ व ‘कुड’. व्याकरणाची पुस्तके ‘माइट’ला ‘मे’पेक्षा कमकुवत म्हणतात, बोलताना फारसा फरक राहिलेला नाही. ‘ही मे कम’ म्हणजे येईलही, न येईलही. मराठीतला तो छोटासा ‘ही’ हेच याचे खरे भाषांतर. ‘तो येईल’ आणि ‘तो येईलही’ यात जेवढे अंतर, तेवढे ‘विल’ आणि ‘मे’ यांच्यात. नववीतल्या मुलाच्या हातून नेमका हा ‘ही’ गळला. एक खाचखळगा ‘मे नॉट’चा : ‘यू मे नॉट एन्टर’ म्हणजे आत यायला मनाई, आणि ‘ही मे नॉट कम’ म्हणजे कदाचित येणार नाही. संदर्भ पाहूनच अर्थ लावावा लागतो.

‘होप’ आणि ‘एक्स्पेक्ट’ यांतही गल्लत होते. ‘वुइ होप’ म्हणजे आमची इच्छा आहे, हातात काही नाही. ‘वुइ एक्स्पेक्ट’ म्हणजे हिशोब करून सांगतो आहोत, तसे होईल असे धरून चाला. पण हेच साहेबांनी नोकराला म्हटले, ‘आय एक्स्पेक्ट यू हिअर बाय नाइन’, तर तो हुकूम आहे, अंदाज नव्हे.

आता म्हसळ्याच्या भगिनींना. राजीनामा आत्ता देऊ नये. आधी कंपनीला नम्रपणे तीन वाक्ये पाठवावीत. एक : ‘कुड यू प्लीज कन्फर्म द जॉइनिंग डेट?’ दोन : ‘इज अकोमोडेशन इन्क्लूडेड इन द काँट्रॅक्ट?’ तीन : ‘आय विल गिव्ह नोटिस हिअर ॲज सून ॲज आय रिसीव्ह द साइन्ड काँट्रॅक्ट अँड द व्हिसा.’ तिसऱ्या वाक्यात मुद्दाम ‘विल’ घातला आहे. आपण पक्के बोललो की समोरच्यालाही पक्के उत्तर द्यावे लागते. यात उद्धटपणा नाही, इंग्रजी कार्यालयांत असे विचारणे रीतीचेच समजतात. आणि पासपोर्टवर ई.सी.आर.चा शिक्का असेल, तर भरती करणारा एजंट सरकारच्या ई-मायग्रेट यादीत नोंदलेला आहे का, हे ई-मेलच्या इंग्रजीइतकेच नीट पाहावे.

तुम्ही म्हणाल, आपली इंग्रजी कच्ची म्हणून आपल्याला हे कठीण जाते. तसे नाही. ज्यांची मायबोलीच इंग्रजी आहे, त्यांनासुद्धा या शब्दांनी फसवले आहे, आणि तेही युद्ध-शांततेच्या प्रश्नावर.

शर्मन केंट हे अमेरिकेतल्या येल विद्यापीठात इतिहास शिकवत. पुढे ते सी.आय.ए. या गुप्तचर संस्थेत अंदाज वर्तवणाऱ्या विभागात गेले. मार्च १९५१ मध्ये त्यांच्या विभागाने अहवाल दिला की त्या वर्षी युगोस्लाव्हियावर सोव्हिएत गटाकडून हल्ला होण्याची ‘सीरियस पॉसिबिलिटी’ आहे. काही दिवसांनी परराष्ट्र खात्यातल्या एका अधिकाऱ्याने सहज विचारले, म्हणजे नक्की किती? केंट म्हणाले, माझ्या मते शंभरात पासष्ट. तो अधिकारी दचकला. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फार कमी धरले होते. केंट परत येऊन आपल्याच विभागातल्यांना एकेकट्याने विचारू लागले, तेव्हा खरी गंमत कळली. ज्यांनी एकत्र बसून, शब्दावर शब्द घासून तो अहवाल मंजूर केला होता, त्यांच्यातला एक वीस टक्के म्हणत होता आणि एक ऐंशी टक्के. सर्वांनी एका शब्दावर सही केली होती आणि प्रत्येकाच्या मनातला अर्थ वेगळा होता. हल्ला झाला नाही, हे नशीब.

केंट यांनी हा किस्सा १९६४ मध्ये एका लेखात लिहिला आणि शब्दांना आकडे बांधून दिले. ‘ऑलमोस्ट सर्टन’ म्हणजे सुमारे त्र्याण्णव टक्के, ‘प्रॉबेबल’ म्हणजे सुमारे पंचाहत्तर, ‘प्रॉबेबली नॉट’ म्हणजे सुमारे तीस, दोन्ही बाजूंना थोडी ढील ठेवून. त्यांच्या सहकाऱ्यांतल्या साहित्यिक वृत्तीच्या मंडळींना हे रुचले नाही. भाषेला तागडीत घालू नये असे त्यांचे म्हणणे. मला मात्र केंट यांचे पटते. जिथे माणसांचे जीव लागलेले असतात तिथे भाषेने तागडीत बसायला लाजू नये.

कारण त्या दोन तारखांच्या मधे, १९६१ च्या एप्रिलमध्ये, क्यूबाच्या ‘बे ऑफ पिग्ज’ किनाऱ्यावर जे झाले ते पाहा. फिडेल कॅस्ट्रोंचे सरकार उलथवण्यासाठी अमेरिकेने सुमारे १४०० क्यूबन निर्वासितांना शिकवून तिथे उतरवले. आधी सेनाधिकाऱ्यांनी योजना तपासून मत दिले होते की यशाचा ‘फेअर चान्स’ आहे. ‘फेअर’ या शब्दाची करामत तुम्हाला माहीत आहे : गोरा, न्याय्य, जत्रा आणि ‘बरा’ असे चार अर्थ एका शब्दात. ज्यांनी तो लिहिला त्यांच्या मनात शंभरात तीस होते. पण कागद वर गेला तेव्हा आकडा बरोबर गेला नाही, आणि ‘फेअर चान्स’ हे शब्द कानाला चांगलेच लागतात. तीन दिवसांत सगळे आटोपले. शंभरावर माणसे मेली, सुमारे १२०० पकडली गेली. पराभवाची कारणे अनेक होती, हा शब्द त्यांतला एक.

हवामानबदलाचे अहवाल देणारी संयुक्त राष्ट्रांची आय.पी.सी.सी. ही समिती आता असाच तक्ता वापरते. तिच्या अहवालात ‘लाइकली’ म्हणजे शंभरात किमान सहासष्ट आणि ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे किमान नव्वद. शब्द आणि आकडा एकमेकांना बांधलेले.

आपल्या घरात असा तक्ता कुठे लागतो? औषधाच्या डब्यातल्या पत्रकात. परदेशी कंपन्यांच्या पत्रकांत दुष्परिणामांपुढे ‘व्हेरी कॉमन’, ‘कॉमन’, ‘अनकॉमन’, ‘रेअर’, ‘व्हेरी रेअर’ असे शब्द असतात. वाचणाऱ्याला वाटते ‘कॉमन’ म्हणजे सर्रास होणारा, निम्म्या लोकांना तरी होत असेल. आणि घाबरून गोळी बंद केली जाते. युरोपच्या नियमाप्रमाणे ‘व्हेरी कॉमन’ म्हणजे दहांत एकापेक्षा जास्त जणांना, ‘कॉमन’ म्हणजे शंभरात एक ते दहा जणांना. ‘अनकॉमन’ हजारात एक ते दहा, ‘रेअर’ दहा हजारांत एक ते दहा, त्याहून कमी ते ‘व्हेरी रेअर’. रक्तदाबाची गोळी ‘कॉमन’ शब्दामुळे सोडून देणे हे त्या दुष्परिणामापेक्षा कितीतरी धोक्याचे. सोडण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

इस्पितळाच्या कागदावरचा आणखी एक शब्द : ‘प्रोग्नोसिस गार्डेड’. नातेवाइकांची सही घेताना हा शब्द पुढे येतो आणि ‘गार्ड’ म्हणजे पहारेकरी, म्हणून कुणी समजतात की पेशंट सुरक्षित आहे, देखरेखीखाली आहे. अर्थ जवळजवळ उलटा आहे. पुढे काय होईल ते आज सांगता येत नाही, सुधारेलच असे धरू नका, हा त्याचा अर्थ. ‘पुअर’ लिहिले असेल तर त्याहून वाईट. ‘वुइ आर होपफुल’ हे डॉक्टरांचे शब्द धीर देणारे आहेत, पण ‘होप’ कुठल्या पायरीवर बसतो ते वर पाहिलेच. अशा वेळी सरळ मराठीत विचारावे, अगदी मराठी न येणाऱ्या डॉक्टरांना दुभाष्यामार्फत विचारावे : डॉक्टरसाहेब, असे शंभर पेशंट आले तर त्यातले किती चालत घरी जातात? बहुतेक डॉक्टर या प्रश्नाला उत्तर देतात. ‘ठीक होतील ना?’ या प्रश्नाला मात्र कुणीही ‘होप सो’च म्हणेल. आणि ‘चान्स’ व ‘रिस्क’ यांतला फरक ध्यानात असू द्या : हवे ते घडण्याला ‘चान्स’, नको ते घडण्याला ‘रिस्क’. मराठीत दोन्हींना ‘शक्यता’ म्हणून चालते.

शंकेच्या शब्दांपैकी एकच शब्द आज घेतो, कारण त्याने भांडणे होतात. तो म्हणजे ‘डाउट’. आपल्याकडे वर्गात मुले ‘सर, आय हॅव अ डाउट’ म्हणतात. त्यांना म्हणायचे असते, मला एक प्रश्न विचारायचा आहे. इथवर ठीक. पण कुणावर संशय आला की आपण म्हणतो ‘माझा त्याच्यावर डाउट आहे’, आणि मग तेच इंग्रजीत उतरवतो. समजा, दुकानाच्या गल्ल्यातले पैसे गेले आणि मालक पोरावर संशय घेऊन इंग्रजीत लिहितो : ‘आय डाउट दॅट ही टुक द मनी.’ वाचणारा इंग्रज समजेल की मालक म्हणतो, त्याने पैसे घेतले असतील असे मला वाटत नाही. पूर्ण उलटे! संशय आहे असे म्हणायचे तर ‘आय सस्पेक्ट’. तसेच ‘आय डाउट इफ ही विल कम’ म्हणजे तो बहुधा येणार नाही.

गंमत अशी की ही चूक म्हणून हसण्यासारखी गोष्ट नाही. जुन्या इंग्रजीत ‘डाउट’चा अर्थ भीती वाटणे, धास्ती असणे असाही होता, आणि स्कॉटलंडमध्ये आजही ‘आय डाउट इट विल रेन’ म्हणजे ‘पाऊस येणार असं दिसतंय’. आपला ‘डाउट’ स्कॉटलंडला चालेल, लंडनला नाही.

भीतीवरून आठवले, ‘आय ॲम अफ्रेड’मध्ये भीती अजिबात नसते. ‘आय ॲम अफ्रेड द डॉक्टर वोन्ट बी इन टुमॉरो’ म्हणजे माफ करा, उद्या डॉक्टर नाहीत. बातमी वाईट आहे, म्हणून पुढे एक उशी ठेवली, एवढेच. ‘वुइ विल लेट यू नो’ हे मुलाखतीनंतरचे वाक्य तर तुम्हाला ठाऊकच आहे. त्यात ‘विल’ असूनही त्यावर विसंबू नये.

आता राहिला आपला शब्द. बऱ्याच वाचकांनी वेळोवेळी विचारले आहे की इंग्रजी पत्रात ‘इन्शाअल्लाह’ लिहावे की नाही. उद्या अमुक करीन असे म्हणताना अल्लाहच्या मर्जीची जोड देण्याची ताकीद सूरह कहफमध्ये आहे, हे घराघरांत माहीत आहे. इंग्रजांनाही ही कल्पना परकी नाही. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात व्यापाऱ्यांना असाच सल्ला आहे, आणि जुने इंग्रज पत्रात बेत कळवताना पुढे ‘डी.व्ही.’ ही दोन अक्षरे लिहीत. ‘देवाची इच्छा असेल तर’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांची ती आद्याक्षरे. ‘गॉड विलिंग’ अजून ऐकू येते. स्पॅनिश लोक ‘असं झालं तर किती बरं’ म्हणताना ‘ओहाला’ म्हणतात. तो शब्द अंदालुसमधल्या अरबीतून त्यांच्याकडे आला आणि त्यात अल्लाहचे नाव आहे. बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते माहीतही नसते. आजचा इंग्रज मात्र जास्त करून ‘टच वुड’ म्हणून टेबलाला हात लावतो, नाही तर ‘फिंगर्स क्रॉस्ड’ म्हणतो.

पण इंग्रजी कानाला ‘इन्शाअल्लाह’ हल्ली कसा ऐकू येतो? सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीतल्या पहिल्या वादात डोनाल्ड ट्रम्प म्हणाले की माझी कराची कागदपत्रे तुम्हाला पाहायला मिळतील. जो बायडेन यांनी टोमणा मारला : कधी? इन्शाअल्लाह? त्यांना म्हणायचे होते, कधीच नाही. आखातातल्या कार्यालयांत काम करणारे युरोपीय लोकही हा शब्द ‘बघू’ या अर्थाने घेतात. कित्येकांना याचा राग येतो, आणि यावा. पण त्यांनी हा अर्थ पुस्तकातून शिकलेला नाही. ‘इन्शाअल्लाह मंगळवारी येतो’ म्हणून तीन मंगळवार न आलेला रंगारी, ‘इन्शाअल्लाह पुढच्या महिन्यात’ म्हणून उधार घेतलेला मित्र आपल्यालाही भेटलेला आहे. ज्या शब्दात इरादा पक्का आणि निकाल अल्लाहच्या हाती अशा दोन्ही गोष्टी होत्या, त्यातली पहिली आपणच काढून घेतली.

तेव्हा इंग्रजी पत्रात हा शब्द जरूर लिहावा, मात्र एकटा सोडू नये. ‘इन्शाअल्लाह आय विल ट्राय टु जॉइन इन मार्च’ असे लिहिले तर ‘ट्राय’ने उरलेसुरले बळही जाते, इंग्रजीत ‘आय विल ट्राय’ हे बऱ्याचदा नकाराचे सभ्य रूप असते. त्यापेक्षा असे : ‘आय विल जॉइन ऑन द फिफ्थ ऑफ मार्च, इन्शाअल्लाह. माय टिकेट इज बुक्ड.’ तारीख आली, झालेले काम आले, आणि मग आपला शब्द आपल्या जागी आला. वाचणारा त्याचा अर्थ ‘बघू’ असा लावू शकत नाही. आणि तिकीट अजून काढलेले नसेल तर तेही लिहावे : ‘आय विल बुक माय टिकेट द डे आय गेट द व्हिसा.’

पुढच्या अंकात ‘सॉरी’, ‘एक्स्क्यूज मी’ आणि ‘पार्डन’. हे तीन शब्द कुठे कोणता, यावर चिपळूणच्या एका कॉलेजकन्येने दोन पानी पत्र पाठवले आहे, त्याचे उत्तर द्यायचे आहे.